दोन्ही नातवंडं एकाच खेळात: जळगावातल्या खेळण्यांच्या लायब्ररीबद्दल

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागाहून. जळगावात महाबळकडे एका जुन्या बंगल्यात खेळण्यांची लायब्ररी चालते आणि बंगल्यामागे खेळायचं अंगण आहे. चालता न येणारं, कमी दिसणारं, ऐकू न येणारं किंवा गोंगाट झाला की कान धरून बसणारं मूल तुमच्या घरात असेल तर बिनधास्त जा. तसं मूल नसेल तरी जा. तिथं सगळ्या तऱ्हेची पोरं लागतात, त्याशिवाय त्या जागेला मजा नाही.

मी भुसावळचा. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, आता निवृत्त. उमर गाडीच्या पोटाखाली गेली, त्यामुळे कुठल्याही बागेत शिरलो की फुलांच्या आधी झोक्याची साखळी आणि वेल्डिंग दिसतं. मोठा नातू आठ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय ताठ, उजवी मूठ आवळलेली, डावा हात बऱ्यापैकी चालतो. बोलणं तुटक, पण अहिराणीत शिव्या द्यायची वेळ आली की उच्चार एकदम स्पष्ट. (ही शिकवणी त्याच्या आजीची.) धाकटी नात पाच वर्षांची, पायाला भिंगरी.

त्यामुळे कुठल्याही बागेची माझी परीक्षा एकच असते. ही दोघं एका वेळी, एका खेळात खेळू शकतात का? आजवर बहुतेक ठिकाणी काय व्हायचं, की नात घसरगुंडीवर आणि नातू कडेला खुर्चीत, हातात शेंगदाण्याची पुडी. येणारे-जाणारे गालाला हात लावून जायचे. पोरगं बागेत गेलं, हवा खाल्ली, घरी आलं. त्याला खेळ म्हणत नाहीत.

एका सार्वजनिक बागेत मोठ्या कौतुकाने उतार बांधलेला आहे. नाव घेत नाही, कोणाशी भांडायचं नाही. फाटकाशी एक फूट उंची आणि उताराची लांबी जेमतेम चार फूट. खुर्ची वर चढवताना माझ्यासारख्या माणसाची छाती भरून येते आणि उतरताना खुर्चीच माणसाला ओढते. बरं, चढलो वर, तर पुढे झोक्यापर्यंत सगळी जाड वाळू. व्हीलचेअरची पुढची लहान चाकं वाळूत रुतली की खुर्ची जागची हलत नाही. उलटी फिरवून मागच्या चाकांवर ओढत न्यावी लागते. उतार बांधणाऱ्याने झोक्यापर्यंत कोणी जाईल असा विचारच केलेला नाही.

म्हणून या बंगल्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा पिशवीत टेप घेऊन गेलो होतो. सुनेला लाज वाटत होती. मी मोजलं. जोत्याची उंची १८ इंच. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुगम्यतेची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात उताराचं प्रमाण एकास बारा सांगितलंय, म्हणजे एक फूट चढायला १२ फूट लांबी. त्या हिशोबाने इथं १८ फूट हवेत. भरले २० फूट, मध्ये वळायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा आणि कठड्याला पोरांच्या हाताला येईल असा एक खालचा दांडा. नातवाने एका हाताने तो दांडा धरून स्वतः चार ढकलण्या मारल्या. सुनेने मग टेपबद्दल काही म्हटलं नाही.

कठड्याच्या गजांमधलं अंतरही मोजलं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची खेळाच्या मैदानांसाठी एक पुस्तिका आहे, तिच्यात साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली कुठलीही बंद फट धोक्याची धरलीय. त्यात लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. इथे गजांमध्ये तीन इंच आहे. ज्याने कोणी हे वेल्डिंग केलं, त्याला कोणीतरी सांगून करून घेतलंय, किंवा त्याच्या घरात पोरं आहेत.

अंगण फार मोठं नाही. दोन गाड्या आडव्या लावल्या तर भरून जाईल एवढं. पण त्यातली चकरी बघण्यासारखी आहे, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

नेहमीच्या बागेत चकरी जमिनीपासून फूटभर वर असते, पोरं पळत येऊन उडी मारतात. इथली चकरी जमिनीच्या पातळीला आहे. खड्डा खोदून आत बसवलीय, व्हीलचेअर सरळ आत जाते. सात फूट व्यास, चेकर्ड प्लेटचा तळ, खुर्चीसाठी दोन खाचा आणि मागून अडकवायला पट्टे. उरलेल्या जागेत बाक, तिथं बाकीची पोरं बसतात. मी वाकून खाली बॅटरी मारली. जुन्या ट्रकचा हब! टेपर बेअरिंगसकट. ट्रकचं चाक ज्यावर फिरतं तोच हब आडवा पाडून उभ्या दांड्यावर घातलाय. काही टन भार पेलणाऱ्या बेअरिंगवर आठ पोरं म्हणजे काहीच नाही. एमआयडीसीतल्या कोणा फॅब्रिकेटरने केलंय म्हणे. मनापासून सलाम. बाहेरून मागवलेली रंगीत चकरी बिघडली की सुटा भाग मिळेपर्यंत वर्ष जातं. या चकरीचं बेअरिंग गेलं तर कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात उभ्या उभ्या मिळेल.

दोन गोष्टी मी त्यांना तिथल्या तिथे सांगितल्या. एक, तळ आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये एका बाजूला फट जास्त होती, लहान पोराचं बोट जाईल इतकी. दुसरी, वेगाला आवर नव्हता. दहा-बारा वर्षांची पोरं जोशात आली की अशी गरगरवतात की आतल्याची मान सावरत नाही, आणि सेरेब्रल पाल्सीच्या पोराची मान आधीच कच्ची. फटीवर रबराची पट्टी आली. वेगासाठी त्यांनी ब्रेक लायनरचा एक तुकडा स्प्रिंगने दाबून बसवलाय, आता चकरी एका मर्यादेपलीकडे जड होते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं का ते विचारलं, तर खालून पाइप काढून शोषखड्ड्यात सोडलाय. तो पाइप वर्षातून एकदा साफ करायला लागेल, नाहीतर डासांची पैदास. हे लिहून ठेवतोय म्हणजे कोणी नवीन आलं तर वाचेल.

आता झोका. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोके बांधतात, माहेरवाशिणी गाणी म्हणत आभाळाला पाय लावून येतात. गावी दरवर्षी हा सोहळा व्हायचा आणि माझा नातू पारावर बसून बघायचा. मांडीवर घेऊन झोका देण्याइतका तो लहान राहिला नाही, आणि पाटावर एकटा बसवला तर घसरतो. इथं गोल जाळीचा झोका आहे. चार फुटांचं कडं, त्याला रबर गुंडाळलेलं, आत दोरांची विणलेली जाळी. त्यात बसता येतं, झोपता येतं, दोघं-तिघं एकदम मावतात. नातू पाठीवर झोपतो, डोकं मध्यभागी, आणि नात त्याच्या पायाशी मांडी घालून बसते. पाय ताठ असले तरी इथं कोणाला अडत नाहीत. झोका मागे-पुढे गेला की जाळी अंगाला धरून राहते आणि त्याचे स्नायू थोडे सैल पडतात, हे मला हात लावल्यावर कळलं. दोघांचा एकच आरडाओरडा, "आखो! आखो जोरमा!" (आणखी! आणखी जोरात!) झोका देऊन देऊन माझा खांदा दुखायला लागतो, ते वेगळं.

शेजारी पाठ आणि पट्टे असलेली एक प्लास्टिकची झोक्याची खुर्चीही आहे. ज्याला मान धरता येत नाही त्याला ती बरी. पण तिच्यात मूल एकटं बसतं, त्यामुळे आमच्याकडे जाळीलाच मागणी.

झोक्याच्या वरच्या आडव्या पाइपाला साखळी जिथं अडकवलीय, तिथली एक शॅकल, म्हणजे साखळी अडकवायची लोखंडी कडी, झिजली होती. वरून दिसत नाही. साखळी उचलून बघावी लागते, आतल्या बाजूला चमकदार खाच पडते. तिसरा हिस्सा झिजला की बदलायची, हा आमच्या वर्कशॉपचा कायदा. त्यांनी त्याच आठवड्यात बदलली आणि तोवर झोका साखळीने बांधून ठेवला, पोरांनी रडारड केली तरी सोडला नाही. मला ही गोष्ट सगळ्यात आवडली. नवीन खेळणं बसवायला देणगीदार मिळतो, फोटो निघतो. बोल्ट आवळायला कोणी देणगी देत नाही. इथं भिंतीवर एक वही टांगलीय, त्यात दर शनिवारी कोणीतरी साखळी, बोल्ट, बेअरिंग, रबर बघून सही करतो. आता बऱ्याचदा ती सही माझीच असते.

आतल्या खोल्यांत खेळणी. मांडण्या खालच्या, कमरेइतक्याच, म्हणजे खुर्चीत बसलेल्या पोराला हात घालता येतो. नुसतं बघून बोट दाखवायचं आणि मोठ्या माणसाने काढून द्यायचं असला प्रकार नाही. मासिक वर्गणी आहे, परवडणारी आहे, आणि ज्याला जमत नाही त्याला गुपचूप माफ होते. एका वेळी दोन खेळणी पंधरा दिवसांसाठी घरी नेता येतात.

माझं मन जिथं अडकलं ती बटणवाली खेळणी. बाजारात मिळणारी साधी बॅटरीवरची गाडी, ढोल वाजवणारं माकड, फुगे सोडणारं यंत्र, हेच सगळं. पण त्यांची खटकी इतकी बारीक असते की आमच्या पोराच्या बोटाला सापडत नाही, सापडली तर दाबली जात नाही. यांनी काय केलं, बॅटरी आणि तिच्या पत्र्याच्या मध्ये तांब्याची पातळ चकती सरकवली. चकतीच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या, मध्ये इन्सुलेशन. प्रत्येक बाजूला एकेक वायर आणि वायरीच्या टोकाला हेडफोनला असतो तसा साडेतीन मिलिमीटरचा सॉकेट. म्हणजे सर्किट तिथं तुटलं. आता त्या सॉकेटात जेवणाच्या वाटीएवढं मोठं बटण जोडायचं. बटण कोपराने दाबा, गुडघ्याने दाबा, गालाने दाबा, गाडी सुटते. खेळण्याला भोक पाडायचं नाही, चकती काढली की खेळणं जसंच्या तसं. सगळा माल किरकोळ किमतीचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. मी घरी तीन गाड्यांना बसवला, एका तासाचंही काम नाही.

नातवाने पहिल्यांदा कोपर मारलं आणि गाडी सरकून भिंतीवर आपटली, तेव्हा त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी चालवली असं वाटलं त्याला. मग हात उचलला, गाडी थांबली. परत कोपर, परत गाडी. मग त्याच्या लक्षात आलं आणि पुढचा सगळा वेळ बहिणीच्या पायावर गाडी घालण्यात गेला. ती ओरडतेय, हा हसतोय. भावंडांचं जे व्हायचं ते झालं.

बाकी सामान म्हणाल तर, घुंगरू घातलेले चेंडू आहेत. आत छर्रे असलेले कडक प्लास्टिकचे चेंडूही आहेत, अंधांच्या क्रिकेटमध्ये वापरतात तसले, जमिनीवरून खडखडत येतात. ठिपके हाताला लागतील असे फासे. खाचांमध्ये सोंगट्या घट्ट बसतील असा लुडो, म्हणजे हात थरथरला तरी डाव मोडत नाही. पत्ते धरता येत नाहीत त्यांच्यासाठी लाकडी ठोकळ्याला करवतीने खाच मारलीय, पत्ते त्यात उभे राहतात. (संधिवातामुळे बोटं वाकलेली आमची मंडळीही आता तसाच ठोकळा वापरते, आणि रमीत मला हरवते.) अंगणात वाळूचं टेबल आहे. खाली पाय जातील एवढी उंची, वर कडा उचललेली परात. खुर्चीतल्या पोराला वाळूत हात घालायला दुसऱ्या कोणी खाली उतरवायची गरज नाही.

सामानापेक्षाही मोठी कमाई म्हणजे तिथल्या ताई. दोघी आहेत, एक विशेष शिक्षिका, दुसरी पूर्वी अंगणवाडीत होती. दोघी पोरांच्या खेळात नाक खुपसत नाहीत, पण कोण बाहेर राहिलंय ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही. लगोरीचा किस्सा सांगतो. पोरं लगोरी खेळत होती, आमचा नातू नेहमीप्रमाणे बघ्या. शिक्षिका ताईंनी कोपऱ्यातून पीव्हीसी पाइपाचा अर्धा चिरलेला लांब तुकडा आणला. जळगावात पाइपाला काय तोटा. एक टोक त्याच्या खुर्चीच्या हातावर, दुसरं लगोरीच्या दिशेने. चेंडू वरच्या टोकाशी ठेवायचा आणि त्याने तो नुसता ढकलायचा. नेम मात्र त्याचा. डावीकडे, उजवीकडे, थोडं वर, तो मानेने सांगतो आणि भिडू पाइप हलवतो. पहिले डाव गेले वाया. नंतर एकदा लगोरी फुटली आणि दोन्ही बाजूंचे लोक पळत सुटले. त्या दिवसापासून संघ पाडताना त्याला कोणीतरी मागून घेतं, कारण पाइपाने नेम बरा लागतो. मला नंतर कळलं की बोचिया नावाच्या खेळात काही खेळाडू असाच उतरणीवरून चेंडू सोडतात आणि तो खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. म्हणजे आमचं लगोरीचं ध्यान बरोबर रस्त्याला लागलंय.

ऐकू न येणारी एक मुलगी येते. तिच्यासाठी झोका सुरू करायच्या आधी हात वर करायचा, थांबवताना दोन्ही हात, हे आता सगळ्या पोरांना पाठ आहे. कोणी शिकवणी घेतलेली मी तरी पाहिली नाही, एकाचं बघून दुसरा करतो. एक मुलगा आहे, त्याला गोंगाट सहन होत नाही. त्याच्यासाठी आतल्या खोलीत चादरीचा तंबू आहे आणि तिथं कोणी गेलेलं असलं की बाहेर लाल रुमाल लटकवतात. रुमाल दिसला की आत जायचं नाही. पाच मिनिटांनी तो आपण होऊन बाहेर येतो.

काही पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "इथं येऊन सुधारणा किती होईल?" मीही डॉक्टर, थेरपी, जिल्हा रुग्णालयाच्या चकरा सगळ्या केल्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, तिथून पुढे थेरपीला पाठवतात, त्या सोयीचा फायदा घ्यावाच. पण आमच्या पोराचा सगळा दिवस सुधारणेत जातो. रिंग उचल, ठोकळा ठेव, दहा वेळा कर, शाब्बास. त्याच्या बहिणीला कोणी विचारत नाही की घसरगुंडीने तुझ्यात काय सुधारणा झाली. इथल्या ताई त्या पालकांना सरळ सांगतात, "इथं फक्त खेळ आहे." हे उत्तर ऐकून काही जण परत जातात. मला ते पटतं, त्या गेलेल्यांनाही पुढे पटेल.

दारातच एक फलक आहे. मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जो १९८९ चा करार आहे, त्याच्या ३१ व्या कलमात खेळण्याचा हक्क लिहिलाय आणि भारताने तो करार १९९२ मध्ये मान्य केला. खाली आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, ज्याने दिव्यांगत्वाचे सातचे एकवीस प्रकार केले. ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवस २०२४ पासून सुरू झाला, त्याचंही चित्र आहे. मला फलक वाचायची सवय आहे, डेपोत दुसरं काय असतं वाचायला. पण खरं सांगायचं तर हे सगळं एका खाजगी बंगल्यात, लोकांच्या वर्गणीवर चाललंय आणि पाच मिनिटांवरच्या सार्वजनिक बागांत काहीच नाही, हे खटकतं. बंगळुरात किलिकिली नावाची संस्था अशा मुलांच्या पालकांनीच काढली आणि तिथल्या सरकारी बागांमधून सगळ्यांना खेळता येतील असे खेळ बसवून घेतले. सुनेचा भाऊ तिकडे असतो, म्हणून माहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडच्या पालकांनी मनावर घेतलं तर आपल्याकडे पाइप आहे, फॅब्रिकेटर आहेत, जुने हब भंगारात पडलेत.

आता जे आवडलं नाही ते. सगळ्यात मोठी खोट संडासची. जुना बंगला, दरवाजा दोन फुटी. खुर्ची आत जात नाही. आठ वर्षांच्या पोराला उचलून न्यावं लागतं, आणि त्याला आता लाज वाटते. तासाभरात घरी चला म्हणतो, कारण कळायला मला वेळ लागला नाही. वीस फुटांचा उतार नीट मापून बांधणाऱ्यांना हा दरवाजा कसा सुचला नाही कोण जाणे. भिंत पाडायला बंगल्याचा मालक तयार नाही असं सांगतात. मग निदान अंगणात वेगळा बांधा. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पाचातला एक तारा कापलाय, आणि तो कापलेलाच राहील.

दुसरं म्हणजे मंगळवारी संध्याकाळचा एक तास 'फक्त दिव्यांग मुलांसाठी' ठेवलाय. हेतू चांगला. गर्दीला घाबरणाऱ्या पोरांना तो तास लागतो, हे त्यांच्या आयांनी मला समजावून सांगितलं आणि मी गप्प बसलो. पण काही पालकांनी त्याचा असा अर्थ काढला की बाकीचे दिवस 'आपल्या' मुलांचे. एका वहिनींनी माझ्या समोर त्यांच्या मुलीला जाळीतून उतरवून घेतलं, "त्याला लागेल हं" म्हणत. लागेल कोणाला, ते त्यांनाच माहीत. माझी नात मात्र भांडखोर, तिने तिथल्या तिथे ऐकवलं, "तो काही काचेचा नाहीये." त्या तासाचं नाव बदलून 'शांत तास' करा, ज्याला शांतता हवी तो कोणीही येईल, असं मी सुचवलंय. अजून पाटी तीच आहे.

तिसरं, मोठ्या पोरांसाठी काही नाही. बारा-तेराच्या पुढचा मुलगा तिथं गेला की बाळांच्या खेळण्यात बसल्यासारखा दिसतो. नातू मोठा होईल, तेव्हा काय, हा माझा स्वार्थी प्रश्न आहे.

आणि परत आलेली खेळणी. ठोकळ्यांच्या डब्यात ठोकळे कमी, लुडोत सोंगटी नाही. हा दोष लायब्ररीचा कमी आणि आपला जास्त. घरी नेताना डब्याच्या झाकणावर आतल्या वस्तूंची यादी असते, ती परत देताना वाचा. सॉकेटची वायर धरून खेळणं उचलू नका, टाका तुटतो. तुटलाच तर लपवून ठेवू नका, सांगा. माझ्याकडे सोल्डरिंगचं यंत्र आहे, शनिवारी मी असतोच.

येण्याजाण्याचं सांगतो. भुसावळ, यावल, चोपडा, पाचोरा, कुठूनही एसटीने या, दिव्यांग प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, प्रमाणपत्र किंवा कार्ड जवळ ठेवा. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. खुर्ची घडीची असेल तर कंडक्टर मागे ठेवू देतो, न दिल्यास शांतपणे बोला, बहुतेक जण ऐकतात. स्टँडवरून पुढे रिक्षा.

उन्हाळ्यात वेळेचा विचार करून निघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, लोखंडी घसरगुंडीवर पापड भाजून निघेल. यांनी अंगणावर केळीच्या रोपवाटिकेवर असते तसली हिरवी शेडनेट ताणलीय, तरी काळ्या रबराच्या फरशा दहानंतर तापतात आणि अनवाणी पोरांचे तळवे भाजतात. ज्या मुलाला पायाला भाजलेलं पटकन कळत नाही किंवा सांगता येत नाही, त्याच्या पायात मोजे घाला. एप्रिल-मे मध्ये सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ८ एवढंच उघडं असतं, बाकी वर्षभर दुपारी ३ नंतर. सोमवारी बंद. आखाजीच्या दिवशी जाळीच्या झोक्याला रांग असते, सातच्या ठोक्याला पोहोचा.